पापाटोएटो : पहिले वाहन म्हणून 'यूट'

दक्षिण ऑकलंडमधील पापाटोएटो या भारतीयबहुल उपनगरात पहिले वाहन निवडताना फोर्ड रेंजर किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या 'यूट'चा, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपचा, विचार होतो, तेव्हा किमतीइतकेच लक्ष डिझेलच्या हिशेबाकडे द्यावे लागते; कारण न्यूझीलंडमध्ये पेट्रोलवरील रस्ताकर इंधनाच्या दरातच वसूल होत असला, तरी डिझेल वाहनाच्या मालकाला रस्ता-वापर शुल्क, म्हणजे धावलेल्या अंतरावरील कर, 1000 किलोमीटरच्या टप्प्यांनी आगाऊ भरावे लागते. म्हणून जुनी यूट घेताना समोरच्या काचेवरील शुल्कपट्टीत नोंदलेले अंतर आणि मीटरवरचा आकडा ताडून पाहणे अगत्याचे ठरते.

ओझ्यासाठी बसवलेल्या पाटा-स्प्रिंगांमुळे रिकामी यूट खडबडीत रस्त्यावर मागून उसळते आणि सव्वापाच मीटरहून अधिक लांबीमुळे ती दुकानांपुढील अरुंद जागेत लावणे नवशिक्या चालकास जड जाते. त्यातच केवळ शाळा-बाजाराच्या छोट्या फेऱ्या झाल्यास धुरातील काजळी अडवणारी गाळणी पुरेशी तापत नाही व तुंबते. बांधकाम वा बागकामाचा व्यवसाय नसलेल्या कुटुंबाला त्यामुळे लहान पेट्रोल मोटारच अधिक सोयीची पडते. भारतात सक्तीचा असलेला तृतीय-पक्ष विमा येथे सक्तीचा नाही; तरीही दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानभरपाईसाठी तो अवश्य घ्यावा.