स्वस्त गिटार टाकू नका, घरीच सुधारा

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतून बुद्ध-भीमगीतांच्या तालमी सुरू होतात. ढोलकी, हार्मोनियम आणि बेंजो यांच्या जोडीला आता इलेक्ट्रिक गिटारही येऊन बसली आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी एखादे वाद्य शिकते आहे, हे पाहून आईबापांना समाधान वाटते. परंतु अलीकडे अनेक घरांतून एकच तक्रार आमच्या कानावर येते. पोटाला चिमटा घेऊन पाच-सहा हजारांची गिटार घेऊन दिली, सहा महिने झाले नाहीत तोच पोरगं म्हणतं, "हे नुसतं डबडं आहे. बोटं सोलतात, सुरात राहत नाही, सारखी घरघर करतं. मला तीस हजारांची हवी." मग हप्त्यांची चौकशी सुरू होते. ज्या घरात किराणा आणि शाळेची फी यांचाच मेळ जमत नाही, तिथे आणखी एक हप्ता शिरतो.

वाचकहो, या हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी आमचे थोडे ऐका. मुलाची तक्रार बहुधा खरी असते. त्याने काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा असतो.

स्वस्त गिटार स्वस्त का असते?

आजकाल गिटारचे लाकूड यंत्राने कापले जाते आणि स्वस्त गिटारचेही माप पुष्कळदा बरोबर उतरते. किंमत कमी करायची तर कारखाना प्रथम माणसाच्या हाताचा वेळ वाचवतो. पट्ट्यांच्या कडा घासणे, तारांच्या खाचा नेमक्या खोल करणे, मान सरळ आहे की नाही ते पाहणे, आतल्या तारांना आवरण घालणे ही सारी सावकाश करावयाची कामे होत. महागड्या गिटारमध्ये त्यांचे पैसे लागलेले असतात. स्वस्त गिटारमध्ये ती कामे अर्धवट सोडलेली असतात. म्हणजे स्वस्त गिटारमध्ये जे कमी असते ते मुख्यतः श्रम होत. आणि श्रमाची आपल्या घरांत कधीच टंचाई नव्हती!

हे काही आमच्या कल्पनेतले नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या शेतमजुरांची मुले झाडू बांधायची तार काढून घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणत आणि तिच्याखाली बाटली सरकवून ती वाजवत. आपल्या तुणतुण्यासारखेच हे एका तारेचे वाद्य. ब्लूज संगीतातले कितीतरी वादक अशा तारेवर पहिला हात बसवून पुढे गिटारकडे गेले. ज्या समाजाच्या लढ्याबद्दल बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहिले, आणि ज्याच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्याच समाजाची ही गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तिथल्या ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाला हवी ती गिटार परवडत नव्हती. १९६३ साली त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार करायला घेतली. शेकोटीच्या चौकटीचे जुने लाकूड मानेला, मोटारसायकलच्या स्प्रिंगा पुलाखाली आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे खुणांना वापरली. पुढे क्वीन या बँडमध्ये, पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी उभे राहून, ब्रायन मे यांनी तीच गिटार जगभर वाजवली.

आधी बिनपैशाची कामे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. क्रम महत्त्वाचा आहे. तो मोडला की तेच काम पुन्हा करावे लागते.

सर्वप्रथम नव्या तारा चढवा. गंजलेल्या तारांवर कोणतेही माप बरोबर येत नाही. तारा सुरात लावल्या की मान तपासा. गिटारच्या सहा तारा मिळून साधारण चाळीस किलोच्या आसपास ओढ देतात. ती सोसण्यासाठी मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. जाड तार पहिल्या पट्टीवर आणि शेवटच्या पट्टीवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या पट्टीपाशी तारेखाली पाहा. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी. फट जास्त असेल तर सळईचा बोल्ट अॅलन कीने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. फट नसेलच तर उलट. एका वेळी पाव वेढाच द्यावा, मग थांबून पुन्हा माप घ्यावे. बोल्ट अडला तर जोर लावू नये; सळई तुटली तर मान गेली.

इथे आपल्याला थेर सोणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सोण कोळिविस हा गृहस्थाश्रमात वीणा उत्तम वाजवी. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले आणि तरी मन स्थिर होईना, तेव्हा तो निराश झाला. तथागतांनी त्याला वीणेबद्दलच विचारले: तार फार ताणली तर ती नीट वाजते का? फार ढिली ठेवली तर? दोन्हींचे उत्तर नाही असेच आले. अंगुत्तर निकायातील हा उपदेश आपण वर्षावासात ऐकतो. तो प्रयत्नाच्या प्रमाणाबद्दल आहे. आणि ज्याच्या हातात अॅलन की आहे त्याला तर तो शब्दशः लागू पडतो.

मान झाली की तारांची उंची. बाराव्या पट्टीवर मोजपट्टी धरा. जाड तार सुमारे दोन मिलिमीटर आणि बारीक तार सुमारे दीड मिलिमीटर उंच असावी. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली छोटे स्क्रू असतात, त्यांनी ही उंची कमी-जास्त होते. मुलांची बोटे सोलण्याचे मुख्य कारण ही वाढलेली उंचीच असते.

त्यानंतर सूर. मोबाइलवर ट्यूनर फुकट मिळतो. मोकळी तार सुरात लावा, मग तीच तार बाराव्या पट्टीवर दाबून वाजवा. बरोबर एक सप्तक वरचा तोच स्वर आला पाहिजे. तो चढा आला तर ब्रिजवरची ती घोडी मानेपासून दूर सरकवा. उतरता आला तर मानेकडे आणा. हे एवढे केले की "सुरात राहत नाही" ही तक्रार पुष्कळशी मिटते. उरलेली तक्रार मानेच्या टोकाकडील पांढऱ्या पट्टीची असते. तिला नट म्हणतात. तिच्या खाचांत तार अडकते आणि करकर आवाज करते. पेन्सिलीचे शिसे त्या खाचांत घासा, तार मोकळी सरकू लागेल.

शेवटी पिकअप. तारेखाली बसवलेला हा चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, यांतूनच तारेच्या कंपनाची वीज होते. तो बदलण्याआधी त्याची उंची बदलून पाहा. तार शेवटच्या पट्टीवर दाबली असता पिकअप आणि तार यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर असावे. फार जवळ आणला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर बिघडतो. नवा पिकअप मागणाऱ्या कितीतरी मुलांचे काम या दोन स्क्रूंवरच भागते.

मग थोड्या पैशांची कामे

आमच्या विहारात गेल्या वर्षी एका रविवारी अशीच एक गिटार उघडली. ती एका कारखान्यातील कामगाराच्या घरची होती. त्यांची मुलगी आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स करते. धाकट्या भावाची गिटार तिनेच हातात घेतली. झाकण काढण्यापूर्वी तिने मोबाइलवर आतल्या जोडण्यांचे फोटो काढले आणि स्क्रू वाटीत ठेवले. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

उन्हाळ्यात मानेचे लाकूड आकसते आणि पट्ट्यांची टोके बाहेर येऊन हाताला ओरखडे काढतात. ती बारीक कानसने घासली. पट्ट्यांना चकाकी आणताना लाकडावर कागदी टेप लावला आणि पिकअपही झाकून ठेवले, कारण लोखंडी घासणीचा भुगा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

घरघरीसाठी आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावली आणि ती गिटारच्या ग्राउंड तारेला जोडली. ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरचा खरखराट याने खूप कमी होतो. मात्र एकेरी वेटोळ्याचा पिकअप ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ओढतो, ती या पट्टीने जात नाही. ॲम्पपासून जरा लांब उभे राहणे हाच त्यावरचा उपाय. आणि सिग्नलची तार या पट्टीला कुठे टेकली तर आवाजच बंद पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

खरखरणारे पॉट आणि सैल जॅक बदलले. पॉट घेताना एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला २५० के आणि दुहेरीच्या, म्हणजे हंबकरला, ५०० के असे सांगावे. सोल्डरिंग खिडकीपाशी केले, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसे असते. लहान मुलांना दूर ठेवावे आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. हिशेब लिहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तारांचा संच ५५० रुपये, तांब्याची पट्टी २८०, सफाईचा फवारा २५०, दोन पॉट २४०, जॅक १२०, हाडाचा नट २००, सोल्डर ११०. एकूण १,७५० रुपये आणि दोन रविवार. सोल्डरिंग आयर्न त्या मुलीकडे होतेच. तीस हजारांच्या गिटारचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. भावाला बहिणीच्या हातचे काम वाजवताना पाहून आईला काय वाटले असेल, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

जिवाशी खेळ नको

आता सर्वांत गंभीर गोष्ट. गिटारमधली वीज अगदी क्षीण असते, तिचा धक्का बसत नाही. पण केबलच्या दुसऱ्या टोकाला ॲम्प्लिफायर असतो आणि तो घरच्या विजेवर चालतो. गिटारच्या तारा ग्राउंड तारेतून ॲम्पशी जोडलेल्या असतात. ॲम्पचे अर्थिंग तुटलेले असेल आणि आत बिघाड झाला, तर तीच वीज तारांवर येते. वाजवणाऱ्याचे ओठ माइकला लागले की त्याच्या शरीरातून प्रवाह वाहू शकतो. १९७२ साली स्कॉटलंडच्या लेस हार्वे यांचे संगीत-कार्यक्रमातच असे निधन झाले, रंगमंचावर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. हे स्वान्सी शहरात घडले. १९७६ साली गायक कीथ रेल्फ यांचा घरीच गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला.

जयंतीच्या मंडपातले घाईचे वायरिंग आपण सर्वांनीच पाहिले आहे. म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. मंचावरचे वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. बसवा. कार्यक्रमापूर्वी गिटारची तार आणि माइक यांच्यामध्ये मीटर लावून वीज नाही याची खात्री करून घ्या. आणि ॲम्प घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते. गिटार आपण सुधारू, ॲम्प जाणकाराकडे नेऊ.

हाताला मान

या देशात कातडे कमावणारा हात अस्पृश्य ठरला आणि त्याच कातड्याने मढवलेले वाद्य देवळात मानाने वाजले. दक्षिणेत मृदंग घडवणाऱ्या दलित कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली पुस्तक लिहिले, तोवर त्यांची नावे मैफलीत कोणी घेत नव्हते. जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. वाद्य वाजवणारा वेगळा, घडवणारा वेगळा, दुरुस्त करणारा त्याहून खालचा, ही उतरंड आपल्या मुलांनी मानू नये. जी मुलगी सोल्डर करते तिनेच सुरात गावे, आणि जो मुलगा गातो त्यानेही कानस धरावी.

प्रत्येक विहारात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक हत्यारांची पेटी असावी, असे आम्हाला वाटते. स्क्रू ड्रायव्हर, अॅलन की, मोजपट्टी, बारीक कानस, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर, एवढ्याने सुरुवात होते. महिन्यातला एक रविवार ठरवावा. ज्याला येते त्याने न येणाऱ्याला शिकवावे आणि कामाची वही ठेवावी. १४ एप्रिलच्या आधी वस्तीतले प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक वायर एकदा तपासून व्हावी, एवढे ठरवले तरी पुष्कळ झाले.

जयभीम!