अंगाचा भार

माणसांच्या तैलचित्रांचा आढावा म्हटला की चित्रकार धुरंधरांपासून सुरुवात करायची आणि दर दशकाला एक परिच्छेद वाटायचा, अशी रीत पडली आहे. ती मी पाळणार नाही. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातली व्यक्तिचित्रं, दरबारी पोशाख, रेशमाची चमक यांवर ढिगाने लिहून झालंय. मला बोलायचंय ते पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्या १९५६ च्या 'बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प' या चित्रावर.

पाच बायका. वर टांगलेला दिवा. एकीच्या हातातून धाग्याने लोंबणारा भलामोठा कोळी. वरच्या बाजूला जुन्या लिपीसारखी, न लागणारी अक्षरं. झालं! आमच्या विद्वानांनी लगेच पंचकन्या काढल्या. पाच दिसल्या की पंचकन्या, तीन तोंडं दिसली की दत्त; याला चित्र पाहणं म्हणत नाहीत. आधी त्या उभ्या कशा आहेत ते बघा. १९४८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात हुसेनांनी मथुरेची, गुप्तकाळातली शिल्पं पाहिली होती. त्या दगडाचं वजन या अंगांत उतरलंय. रंग मातकट, रेघ ठसठशीत, मागे खोली जवळपास नाहीच. त्यामुळे बायका मागे सरकत नाहीत, आपल्या अंगावर येतात. आणि दिवा नि कोळी? दोघेही टांगलेले. गवंड्याच्या ओळंब्यासारखे ते नजर खाली ओढतात, त्या ओढीनेच या बायकांचं थिजणं जाणवतं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला शिकवत होतो तेव्हा छापील चित्रावरचा कोळी मुलांना बोटाने झाकायला लावायचो. एक पोरगी म्हणाली, "सर, आता नुसती रांगच राहिली की." पंचकन्यावाल्यांना हे अजून दिसलेलं नाही.

हे चित्र मांडलं तेव्हा ८०० रुपयांनाही गिऱ्हाईक नव्हतं. मार्च २०२५ मध्ये हुसेनांचंच १९५४ चं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटींच्या घरात गेलं. आकडा सगळ्यांनी छापला. तेरा प्रसंग एका कॅनव्हासवर बसवले कसे, यावर माझ्या वाचनात एक ओळ आली नाही.

मधली वर्षं ओलांडून १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनापाशी येतो. त्यातले चित्रकार सुधीर पटवर्धन जन्माने पुण्याचे, ठाण्यात अनेक वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ होते. दिवसभर हाडं पाहणाऱ्या या माणसाने कष्टकऱ्यांची शरीरं किती भरीव रंगवली! कणव नाही, घोषणा नाही. माणसाने कॅनव्हासवर जागा अडवलेली असते, तेवढंच.

आता स्पर्धांना चित्रं येतात ती मोबाइलच्या फोटोवरून गिरवलेली. फेट्यातला म्हातारा, सुरकुतीन् सुरकुती नक्कल केलेली, आणि चौकट छातीशी संपलेली. परीक्षक खूश. पाय जमिनीला टेकलेले काढायचे तर माणूस समोर उभा हवा. बाजाराच्या दिवशी ताडकळसला असे शेकडो उभे असतात, पण कागद घेऊन तिथे कोणी बसत नाही.