आधी परतावा, मग पडताळणी

२०१० या करवर्षासाठी मिशिगनमधल्या लॅन्सिंग शहरातल्या एकाच पत्त्यावरून २,१३७ विवरणपत्रं अमेरिकेच्या कर खात्याकडे, म्हणजे आयआरएसकडे गेली. खात्याने त्यांवर ३३ लाख डॉलरचा परतावा देऊनही टाकला. खात्यावर नजर ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी जुलै २०१२च्या अहवालात हे उघड केलं. असंच चालू राहिलं तर पाच वर्षांत २१ अब्ज डॉलर भलत्यांच्या खिशात जातील, असा त्यांचा अंदाज होता.

हे जमत कसं होतं? विवरणपत्रं जानेवारीत घ्यायला सुरुवात व्हायची आणि ऑनलाइन भरणाऱ्यांपैकी बहुतेकांना तीन आठवड्यांत रिफंड मिळायचा. पगार किती आणि कर किती कापला हे सांगणारा ‘डब्ल्यू-टू’ मात्र कंपन्यांनी मार्चअखेरीपर्यंत सरकारकडे ऑनलाइन पाठवला तरी चालायचा. मधल्या काळात खातं निव्वळ शब्दावर पैसे देत होतं. चोराला नाव, जन्मतारीख आणि नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर एवढंच पुरे. पगाराचा आकडा तो मनाने टाकायचा. खरा करदाता सावकाश भरायला बसला की कळायचं, या नंबरावर कुणीतरी आधीच भरलंय.

फ्लोरिडातलं टॅम्पा हे या धंद्याचं माहेरघर. तिथे त्याला ‘ड्रॉप’ म्हणत. मोटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचं, दवाखान्यांतून फुटलेल्या याद्यांमधली नावं एकेक करून भरायची आणि पैसे प्रीपेड कार्डांवर घ्यायचे. अमली पदार्थ विकणारेही इकडे वळले. एका बाईने तर फेसबुकवर स्वतःला या घोटाळ्याची राणी म्हणवून घेतलं. २०१३मध्ये तिला २१ वर्षांची शिक्षा झाली.

पण मला वाटतं, पोलिसांपेक्षा तारखांनीच जास्त काम केलं. २०१५पासून एका बँक खात्यात तीनपेक्षा जास्त रिफंड थेट जमा होईनासे झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरातल्या कायद्याने डब्ल्यू-टूची मुदत ३१ जानेवारीवर आणली आणि २०१७च्या हंगामापासून ती लागू झाली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या करसवलतींचे रिफंडही फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबवले गेले. चोरी कुणाची आणि थांबायचं कुणी, असं वाटतंच. तरी परिणाम दिसला: ओळख चोरल्याची तक्रार करणारे करदाते २०१५मध्ये ६,७७,००० होते, २०१७मध्ये २,४२,००० उरले.

मधल्या काळात आयआरएसचीच नाचक्की झाली. जुन्या विवरणपत्रांचा तपशील ऑनलाइन दाखवण्याआधी खातं काही खाजगी प्रश्न विचारायचं. त्यांची उत्तरं चोरांना पाठ होती. मे २०१५मध्ये लाखभर करदात्यांची माहिती गेल्याचं सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०१६पर्यंत तो आकडा ७,२४,००० झाला. २०१७मध्ये लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती फुटली. त्यानंतर ‘नंबर जपून ठेवा’ या सल्ल्यात फारसा दम उरला नाही.

दम होता तो सहा आकडी आयपी पिनमध्ये. दर वर्षी बदलणारा हा पिन नसेल तर त्या नंबरावरचं ऑनलाइन विवरणपत्र स्वीकारलंच जात नाही. तो २०११मध्येच आला, पण मुख्यतः ज्यांची चोरी होऊन गेली होती त्यांच्यासाठी. काही भागांतले प्रयोग सोडले तर देशभरच्या सगळ्यांना तो मागता येऊ लागला जानेवारी २०२१मध्ये. घर फुटलेल्यालाच कुलूप द्यायचं, हा हिशेब दहा वर्षं चालला. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने आज हा पिन घ्यावा, विवरणपत्र लवकर भरावं आणि ‘तुमच्या नावाने आलेलं विवरणपत्र तुमचंच का?’ असं विचारणारं आयआरएसचं पत्र आलं तर ते बाजूला टाकू नये.

खातं सहसा आधी पत्रच पाठवतं. धमकीचे फोन कुठून येतात, हे ऑक्टोबर २०१६मध्ये मीरा रोडला ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर घातलेल्या छाप्यांत दिसलं. आयआरएसचे अधिकारी बनून अमेरिकनांना घाबरवणारी ती पोरं आपल्याच लोकलने कामावर येत असणार. आपल्याकडे मार्च २०१९पासून रिफंड फक्त पॅन जोडलेल्या खात्यात जमा होतो, ही अडचण त्या मानाने सुखाची.

अमेरिकेत चोरी पकडली तरी पैसे लगेच हातात पडत नाहीत. २०२४मध्ये अशा करदात्याला आपलं प्रकरण निकाली निघायला सरासरी २२ महिने लागत होते.