बाणकोटचं तोंड ओलांडायचं असेल तर

१८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीच्या आदल्या दिवशी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७ रायफली सापडल्या आणि बघता बघता रायगड जिल्ह्यात नाकाबंदी झाली. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. ‘लेडी हान’ नावाची ही खासगी बोट मस्कतहून युरोपकडे निघाली होती. जूनच्या अखेरीस भर समुद्रात तिचं इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवलं आणि रिकामी बोट पावसाळी समुद्रात भरकटत थेट सावित्री नदीच्या मुखाजवळ आली. वर्तमानपत्रांनी रायफलींचे मथळे केले. स्वतःची बोट घेऊन लांब जाण्याचं ज्यांच्या मनात असतं, त्यांच्यासाठी मात्र त्या बातमीतली इंजिनाची ओळ जास्त मोलाची होती.

अशी माणसं आता कोकणात दिसू लागली आहेत. पण महाड-पोलादपूरच्या माणसापुढे हा विषय काढला तर तो हसेल. इथे दर्या कुठे? इथे आहे तो घाट, मुंबई-गोवा महामार्ग आणि पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी. सावित्री म्हटलं की २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळलेला पूल आणि त्याबरोबर वाहून गेलेल्या दोन एसटी बस आठवतात, किंवा मग जुलै २०२१ चा महापूर. नदीतून कुठे जाता येतं, ही गोष्ट इथल्या लोकांच्या डोक्यातून पार गेली आहे.

एके काळी मात्र जायचं-यायचं ते नदीतूनच. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगवलेली सावित्री पोलादपूरपर्यंत दगडगोट्यांतून येते, तिथे होडी घालण्यात अर्थ नाही. महाडच्या खाली तिला भरतीचं पाणी भेटतं आणि तिची खाडी होते. घाटमाथ्यावरचा माल पोलादपूरवरून महाडला उतरायचा आणि इथून गलबतांत भरून खाडीच्या तोंडावरच्या बाणकोटमार्गे मुंबईला जायचा. महाबळेश्वरला हवा खायला निघालेले इंग्रज साहेबसुद्धा मुंबईहून समुद्रमार्गे बाणकोटला, तिथून खाडीने वर येऊन पुढे पार घाट चढत. बाणकोटचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीने १७५० च्या दशकात आंग्र्यांकडून घेतला आणि ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हणून हाताशी ठेवला, यावरून या खाडीच्या तोंडाची किंमत कळावी.

या वाटेवरचा सर्वांत मोठा प्रवास मात्र साहेबांचा नव्हे. २४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोनशे सहकाऱ्यांसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पाच मैलांवरचं महाड त्यांनी पायी गाठलं. त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. महाडच्या चवदार तळ्याला मुंबईकडून येणारे हजारो लोक दासगावावरूनच जातात. तिथे एक बंदर होतं हे फार थोड्यांना माहीत असतं.

कायद्याने हा मार्ग अजूनही जिवंत आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात सावित्रीचा क्रमांक ८९ आहे. सापे-वामनेजवळच्या पुलापासून हरिहरेश्वरच्या समुद्रापर्यंत ४६ किलोमीटर. कागदावरचा जलमार्ग आणि प्रत्यक्षातली खाडी यांत गाळाचा फरक असतो, तो भाग वेगळा. महाडजवळच्या पात्रात मगरी आहेत, तेव्हा रुतलेली होडी ढकलायला पाण्यात उडी मारण्याआधी विचार करावा.

समजा, एखाद्याने खाडीत स्वतःची छोटी शिडाची बोट ठेवली आहे आणि त्याला पणजीपर्यंत जायचं आहे. अंतर काढणं सोपं. कोकणचा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. बाणकोट १८ अंशांच्या जरा खाली, पणजी साडेपंधरावर. म्हणजे साधारण दीडशे सागरी मैल, पावणेतीनशे किलोमीटर. ताशी पाच मैलांनी तीस तास. ऐकायला काहीच वाटत नाही.

पण किनाऱ्याने जाणारा माणूस रोज संध्याकाळी कुठल्या तरी खाडीत शिरतो आणि सकाळी बाहेर पडतो: दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. बोटी संकटात सापडतात त्या बहुधा या दारांतच. नदीने आणलेला गाळ आणि लाटांनी ढकललेली वाळू मिळून मुखाशी बार तयार होतो, वाळूचा बुडालेला बांध. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून वारा-लाट आली की तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. खोल समुद्रात निवांत चालणारी बोट या दोन-तीनशे मीटरमध्ये आडवी होऊ शकते.

म्हणून घाई करणाऱ्याची गणितं इथेच चुकतात. महाडकडून भरतीच्या टोकावर निघालं की ओहोटी बोटीला खाली नेते. मध्ये आंबेतचा पूल लागतो. त्याखालून डोलकाठी जाते का, हे आधी मोजलेलं बरं. बागमांडला-वेसवीच्या जंगलजेटीपाशी पोहोचेपर्यंत पाच-सहा तास होतात, म्हणजे मुखाशी नेमकं सुकतीचं पाणी, आणि दुपारचा खारा वाराही वाढलेला. बार ओलांडायला याहून वाईट वेळ नाही. जाणता तांडेल इथे आत नांगर टाकून रात्र काढतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, समुद्र बसलेला असतो. भरती भरत आली की त्या पाण्यावर तो बाहेर पडतो. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पहाट आणि भरती यांची गाठ रोज पडत नाही. ती बघून निघण्याचा दिवस ठरवायचा. रजेच्या अर्जावरून ठरवू नये.

हंगामाचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ती केवळ माशांच्या विणीसाठी नव्हे; समुद्रही खवळलेला असतो. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेहून अधिक माणसं गेली, तीही बंदरापासून फार दूर नसताना. पाऊस संपला तरी चक्रीवादळांची भीती राहते. ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं. डिसेंबर ते फेब्रुवारी हे बरे दिवस. पुढे वायव्येचा वारा जोर धरतो. तो दक्षिणेला जाताना पाठीशी असतो, येताना तोंडावर. गोव्याला जाणं त्यामुळे सहल वाटते आणि परत येणं शिक्षा.

रात्री चालवण्याचा मोह अनेकांना होतो. कोकण किनाऱ्यावर तो आवरलेला चांगला. जाळ्यांचे बोये अंधारात दिसत नाहीत आणि पंख्यात जाळं गुंतलं की इंजिन असून नसल्यासारखं; शिवाय कोळ्याचं हजारोंचं नुकसान होतं, ते वेगळंच.

तयारीला किती वेळ द्यायचा, याचं उत्तर दिलीप दोंदे यांच्या प्रवासात आहे. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. बोट नौदलाची, ५६ फुटी ‘म्हादेई’, गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबई सोडून दोंदे १९ मे २०१० ला परतले. प्रदक्षिणेला नऊ महिने लागले, तयारीला मात्र सुमारे तीन वर्षं. बोट बांधली जात असताना ते स्वतः कारखान्यात होते, त्यामुळे तिच्यात काय कुठे आहे हे त्यांना पाठ होतं. गोवा काही केप हॉर्न नव्हे. तरी ज्याला आपल्या बोटीचा डिझेल फिल्टर स्वतः बदलता येत नसेल, त्याने दाभोळच्या पुढे जाऊ नये.

राहिले कागद. बोटीची नोंदणी, विमा, माणसांची ओळखपत्रं जवळ हवीत. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ या पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले. तेव्हापासून अनोळखी बोटीची चौकशी होतेच आणि ती व्हायलाही हवी. निघण्याआधी मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे मार्ग, माणसं आणि पोहोचण्याचा दिवस कळवून ठेवावा. घरच्या एकाकडेही तोच कागद द्यावा. बोटीवर व्हीएचएफ संच चॅनेल १६ वर चालू ठेवावा, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावं आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सुकाणूजवळ मोठ्या अक्षरांत लिहावा.