मूलहून गोलबाजारात : माल भरायला नव्हे, बाजार पाहायला

मूलचा दुकानदार माल भरायला निघाला की आजही 'चांद्याला जाऊन येतो' असेच म्हणतो. 1964 साली चांद्याचे चंद्रपूर झाले, पण जिभेची सवय सुटली नाही. सुमारे 45 किलोमीटरची ही वाट आम्ही वर्षानुवर्षे तुडवली, ती बिलावर नजर ठेवून. या वेळी मात्र नुसता बाजार पाहायला गेलो.

निमित्त झाले पोलंडमधील क्राकूव शहराचे. तेथील मुख्य बाजारचौक 1257 साली आखला गेला. प्रत्येक बाजू सुमारे 200 मीटर, मधोमध लांबलचक कापडबाजाराची इमारत. 1555 च्या आगीनंतर ती पुन्हा उभी केली. कापडाचा घाऊक धंदा तेथून केव्हाच उठला, दुकानांच्या रांगा मात्र राहिल्या. आज तेथे तृणमण्यांचे दागिने, लाकडी वस्तू, भरतकाम विकले जाते. गिऱ्हाईक कोण? देशोदेशींचा प्रवासी.

हे डोक्यात ठेवून आम्ही एस.टी.तून उतरलो आणि जटपुरा गेटच्या कमानीखालून आत शिरलो. पुढे गांधी चौकापर्यंत दुतर्फा दुकाने. गोलबाजारात भाजी, किराणा, कपडा आणि पाय ठेवायला जागा शोधणारी माणसे! गोंड राजांच्या या परकोटाची साफसफाई 2017 मध्ये 'इको-प्रो'च्या तरुणांनी हाती घेतली, तेव्हापासून तो पाहायला लोक येऊ लागले. ताडोब्याचे प्रवासी तर कितीतरी. ते इकडे फिरकतात का, असे आम्ही एका जुन्या दुकानदाराला विचारले. चाचा म्हणाले, "येतात ना, रस्ता विचारायला!"

आम्ही हसलो खरे, पण बोल लागला. आमचा मूलचा कारागीर बांबूची टोपली घाऊक भावाने देऊन मोकळा होतो. भाडे आणि हमाली वजा जाता हातात काय उरते, ते त्यालाच ठाऊक. तीच टोपली प्रवाशाच्या हाती थेट पडली तर मधली दलाली वाचेल. एकट्याला गाळ्याचे भाडे झेपणार नाही. चौघांनी मिळून हंगामापुरता एक गाळा घेतला, तर हिशेब जमू शकतो. वस्तू मात्र पिशवीत मावणारी हवी, भाव चिठ्ठीवर लिहिलेला हवा. परगावचा माणूस घासाघीस करत बसत नाही, पुढे निघून जातो.

ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात बंद असतो आणि ऑक्टोबरात उघडतो. माल तयार करायला तेवढेच तीन महिने आहेत.