स्मिथ : एका आडनावाचा प्रवास



अजिंठ्याच्या लेण्यांविषयी तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एका इंग्रजाने आपले नाव कोरून ठेवले आहे. ते नाव आहे जॉन स्मिथ आणि साल आहे १८१९. हा जॉन स्मिथ मद्रासच्या फौजेतील अधिकारी होता. शिकारीसाठी रानात हिंडत असताना त्याला ही लेणी दिसली. आसपासच्या गावकऱ्यांना ती आधीपासूनच ठाऊक होती. पण बाहेरच्या जगाला त्यांची ओळख त्यानंतर झाली. प्राचीन लेण्यात आपले नाव कोरणे ही काही चांगली गोष्ट नव्हे. तुम्ही सहलीला जाल तेव्हा असे कधीही करू नका. परंतु त्या नावातील दुसरा शब्द, म्हणजे ‘स्मिथ’, हा मात्र विचार करण्याजोगा आहे.

इंग्रजीच्या पुस्तकात, क्रिकेटच्या बातम्यांत, विज्ञानाच्या इतिहासात हे आडनाव तुम्हांला वारंवार भेटते. इंग्लंडमध्ये सर्वांत अधिक लोकांचे आडनाव स्मिथ आहे. एवढे स्मिथ आले तरी कोठून? ते सगळे एकाच घराण्यातले आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की आडनाव कसे जन्मते आणि ते आपल्याविषयी किती सांगते, हे आपोआप उलगडत जाते.

सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमधील सामान्य माणसाला आडनाव नव्हते. एकच नाव पुरत असे. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्याबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशी नावे आली. लोकांनी ती इतकी उचलली, की जुनी इंग्रजी नावे मागे पडू लागली. पुढे जॉन आणि थॉमस हीही नावे घरोघरी झाली. थोडी नावे आणि माणसे पुष्कळ! एका गावात पाच जॉन असले, तर कोणता जॉन हे कसे ओळखायचे? तुमच्या वर्गात तीन सलीम असले तर तुम्ही काय करता? एकाला ‘उंच सलीम’ म्हणता, दुसऱ्याला ‘पुलाजवळचा सलीम’ म्हणता. इंग्लंडच्या गावकऱ्यांनीही नेमके हेच केले.

त्यातून चार प्रकारची आडनावे तयार झाली. काही राहण्याच्या जागेवरून पडली. टेकडीवर राहणारा तो ‘हिल’, रानाजवळचा तो ‘वुड’. काही पित्याच्या नावावरून पडली. जॉनचा मुलगा ‘जॉन्सन’, विल्यमचा मुलगा ‘विल्यमसन’. काही रूपावरून किंवा स्वभावावरून पडली, जसे ‘ब्राउन’ आणि ‘शॉर्ट’. चौथा प्रकार व्यवसायावरून पडलेल्या आडनावांचा. कपडे शिवणारा ‘टेलर’, पाव भाजणारा ‘बेकर’, पिठाची चक्की चालवणारा ‘मिलर’ आणि धातू ठोकून वस्तू घडवणारा ‘स्मिथ’.

‘स्मिथ’ हा शब्द जुन्या इंग्रजीतला आहे. त्याचा अर्थ धातूचे काम करणारा कारागीर. सोन्याचे काम करणारा ‘गोल्डस्मिथ’, बाणांची टोके घडवणारा ‘ॲरोस्मिथ’, घोड्यांचे नाल करणारा ‘शूस्मिथ’ अशी जोडनावेही झाली. पण नुसते ‘स्मिथ’ म्हटले, की लोकांच्या डोळ्यांसमोर भाता, ऐरण आणि घण येत असे. म्हणजे बहुतेक स्मिथांचा मूळपुरुष हा आपल्याकडील लोहारच होता.

आता तुम्ही विचाराल, की पाव भाजणारे आणि कपडे शिवणारेही होतेच. मग स्मिथच एवढे का? त्याचे पहिले कारण असे, की लोहाराशिवाय गाव चालत नसे. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, खिळे, बिजागऱ्या, घोड्याचे नाल, शिपायाची तलवार, सगळे त्याच्याच भट्टीतून येई. पाव घरीही भाजता येतो, कपडा घरीही शिवता येतो. लोखंड मात्र घरच्या चुलीवर घडवता येत नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक गावाला आपला लोहार होता आणि प्रत्येक गावात ‘स्मिथ’ हे नाव स्वतंत्रपणे जन्माला आले.

दुसरे कारण भाषेचे आहे आणि ते फार मजेदार आहे. विणलेले लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करण्याचा एक धंदा इंग्लंडमध्ये होता. हे काम करणाऱ्याला आग्नेय भागात ‘फुलर’ म्हणत, नैऋत्य भागात ‘टकर’ म्हणत आणि उत्तरेकडे ‘वॉकर’ म्हणत. धंदा एक, पण बोलीप्रमाणे आडनावे तीन झाली आणि संख्या तिघांत वाटली गेली. आजही ही आडनावे कोणत्या भागात अधिक आहेत, यावरून जुन्या बोलींच्या सीमा ओळखता येतात. ‘स्मिथ’ हा शब्द मात्र इंग्लंडभर एकच होता. त्यामुळे सारे लोहार एकाच आडनावाखाली आले.

जेथे भाषा बदलली, तेथे मात्र आडनावही बदलले. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा प्रदेश आहे. तेथील जुन्या कॉर्निश भाषेत लोहाराला ‘गोफ’ म्हणत. त्यावरून ‘अँगोव्ह’ हे आडनाव आले. १४९७ मध्ये राजाच्या करांविरुद्ध कॉर्नवॉलच्या लोकांनी बंड केले. त्या बंडाचा एक पुढारी मायकेल अॅन गोफ हा लोहारच होता. स्कॉटलंडमधील गेलिक भाषेतून ‘गाऊ’ आणि ‘मॅकगॉवन’ ही आडनावे आली. आयर्लंडच्या कॅव्हन भागात तर इंग्रजांच्या अमलात अनेक कुटुंबांनी आपल्या आयरिश आडनावाचे सरळ भाषांतर करून ‘स्मिथ’ हे नाव घेतले.

सुरुवातीला ही आडनावे पक्की नव्हती. बाप लोहार असला तर तो ‘स्मिथ’, पण मुलगा कापड शिवू लागला तर तो ‘टेलर’ होई. मग ती पक्की कशी झाली? त्याचे कारण कागद! जमिनीचा वारसा सिद्ध करायचा, कर गोळा करायचा, तर नोंद हवी. १३७७ ते १३८१ या काळात इंग्लंडच्या राजाने तीन वेळा डोईपट्टी बसवली. त्यासाठी सामान्य लोकांच्या नावांच्या लांबलचक याद्या झाल्या. इ. स. १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांची आडनावे पिढ्यान्‌पिढ्या चालू लागली होती. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चला हुकूम केला, की बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद वहीत ठेवावी. १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. एकदा नाव वहीत चढले, की ते सहसा बदलत नाही. लोहाराचा नातू शेतकरी झाला, पणतू शिक्षक झाला, तरी आडनाव ‘स्मिथ’च राहिले. धंदा सुटला, पण नाव चिकटले.

पुढे इंग्रज लोक समुद्र ओलांडून दूरदूरच्या देशांत वसले आणि हे आडनावही त्यांच्याबरोबर गेले. आज ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक लोकांचे आडनाव स्मिथ आहे. स्कॉटलंडमध्येही ते पहिल्या क्रमांकावर आहे. वेल्समध्ये मात्र ‘जोन्स’ पुढे आहे, कारण तेथे पित्याच्या नावावरून आडनाव पाडण्याची रीत अधिक होती. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंड येथेही स्मिथ मोठ्या संख्येने आढळतात. पण सर्वांत अधिक स्मिथ आज इंग्लंडमध्ये नाहीत, ते अमेरिकेत आहेत. तेथील २०१० च्या जनगणनेत २४,४२,९७७ लोकांनी हे आडनाव नोंदवले आणि स्मिथचा क्रमांक पहिला लागला.

हे सगळे अमेरिकन स्मिथ इंग्रज लोहारांचे वंशज आहेत असे समजू नका. जर्मनीतून आलेल्या अनेक ‘श्मिट’ कुटुंबांनी नव्या देशात आपले नाव ‘स्मिथ’ करून घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नाव धारण करणे अमेरिकेत धोक्याचे झाले, तेव्हाही काहींनी असा बदल केला. त्याहून हृदयस्पर्शी कथा आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांची आहे. मालकाच्या वहीत त्यांना बहुधा आडनावच नसे. जनावरांप्रमाणे नुसते एक नाव आणि किंमत लिहिलेली असे. १८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. स्वतंत्र झालेल्या लाखो माणसांना प्रथमच पूर्ण नाव लिहिण्याचा हक्क मिळाला. कोणी जुन्या मालकाचे आडनाव ठेवले, कोणी आपल्या पसंतीचे घेतले. अनेकांच्या वाट्याला स्मिथ आले. २०१० च्या त्याच जनगणनेत दर शंभर स्मिथांपैकी सुमारे तेवीस जण कृष्णवर्णीय होते. ज्यांच्यासाठी आडनाव म्हणजे माणूस म्हणून मिळालेली ओळख होती, त्यांना त्या नावाचे मोल किती वाटले असेल, याची कल्पना करा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सगळे स्मिथ एकाच रक्ताचे आहेत काय? शास्त्रज्ञांनी याचाही शोध घेतला आहे. पित्याकडून फक्त मुलालाच मिळणारे एक गुणसूत्र असते. त्याला ‘वाय’ गुणसूत्र म्हणतात. इंग्लंडमध्ये आडनावही पित्याकडूनच मुलाकडे येते. म्हणून लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग या संशोधकांनी ब्रिटनमधील ४० आडनावांच्या पुरुषांची गुणसूत्रे तपासली. २००९ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘ॲटनबरो’सारखे विरळ आडनाव असलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांची गुणसूत्रे एकाच पूर्वजाकडे बोट दाखवत होती. स्मिथांची गोष्ट मात्र उलट निघाली. दोन स्मिथांमध्ये जेवढे नाते दिसले, तेवढेच कोणत्याही दोन अनोळखी माणसांमध्ये दिसते! याचा अर्थ स्पष्ट आहे. स्मिथ हे एक घराणे नाही. ती हजारो वेगवेगळ्या लोहारांची मुले आहेत.

तुम्ही उर्दू शिकता. तुमच्या ओळखीच्या भाषांतही हा लोहार भेटतो. अरबीत लोखंडाला ‘हदीद’ म्हणतात. कुरआन शरीफमधील एका सूरेचे नावच ‘अल-हदीद’ आहे. त्याच शब्दकुळातून ‘हद्दाद’ हे अरबी आडनाव आले. फारसीतील ‘आहनगर’ हे आडनाव काश्मीरमध्ये आढळते. तुर्कीत ‘देमिरजी’, रशियात ‘कुझ्नेत्सोव्ह’, हंगेरीत ‘कोवाच’, फ्रान्समध्ये ‘लफेव्र’ आणि आपल्या महाराष्ट्रात ‘लोहार’. देश निराळे, धर्म निराळे, लिपी निराळी. पण ऐरणीवरचा घाव सगळीकडे सारखाच!

महाराष्ट्रातील मुसलमानांच्या आडनावांकडेही असेच पाहा. अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, तांबोळी म्हणजे विड्याची पाने विकणारा, बागवान म्हणजे बाग आणि फळे यांच्याशी संबंध असलेला, पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारा, शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारा. ‘सैकल’ हा शब्द तुम्ही उर्दूत वाचला असेल. शिकलगार हा त्याचाच मराठी अवतार आहे. काही मुलांना असे आडनाव सांगताना संकोच वाटतो. इतर मुले हसतील अशी भीती वाटते. त्यांनी लक्षात ठेवावे, की जगातील एक अत्यंत प्रसिद्ध इंग्रजी आडनाव एका कष्टकरी माणसाच्या घामातून आले आहे आणि लाखो लोक ते मानाने मिरवतात. आडनाव ही आपल्या पूर्वजाच्या कष्टाची खूण आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

त्याचबरोबर दुसरी गोष्टही ध्यानात ठेवा. आडनावावरून कोणाचा पणजोबा काय करीत असे, याचा थोडासा अंदाज येतो; तोही नेहमी बरोबर असतोच असे नाही. समोरचा माणूस शहाणा आहे की मूर्ख, सज्जन आहे की दुर्जन, हे आडनाव सांगू शकत नाही. ते त्याच्या वागण्यावरूनच कळते. तेव्हा वर्गात नवीन मुलगा आला आणि त्याने आपले आडनाव सांगितले, तर तेवढ्यावरून त्याची परीक्षा करू नका. त्याला आपल्या बाकावर जागा द्या. मग आजच घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, ‘आपले आडनाव कोठून आले?’ त्यांच्या उत्तरात तुमच्या घराण्याच्या इतिहासाचे पहिले पान तुम्हांला सापडेल.

शब्दार्थ
व्यवसाय – पेशा. वंशज – औलाद. नोंद – इंदराज. ऐरण – निहाई. डोईपट्टी – दरडोई वसूल केला जाणारा कर. संकोच – झिजक. कष्टकरी – मेहनतकश.

स्वाध्याय
१. इंग्लंडमधील आडनावांचे चार प्रकार कोणते? प्रत्येकाचे एक उदाहरण द्या.
२. ‘फुलर’, ‘टकर’ आणि ‘वॉकर’ या तीन आडनावांमध्ये काय साम्य आहे?
३. सगळे स्मिथ एकाच घराण्यातले नाहीत, हे कशावरून सिद्ध झाले?
४. ‘धंदा सुटला, पण नाव चिकटले’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या परिसरातील व्यवसायांवरून पडलेली पाच आडनावे मिळवा आणि त्यांचे अर्थ वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.