ताप, उलटी, झटका : सकाळची वाट बघू नका

तायांनो, "मेंदूज्वराची लस कार्डात कुठे लिहिलीय?" असं तुम्ही विचारता. त्या नावाने ती सापडणार नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट आणि दीड, साडेतीन, नऊ महिन्यांची पीसीव्ही, या लसी मेंदूज्वराचे काही मोठे जंतू अडवतात. डोस चुकला असेल तर लाजू नका, आशाताईंना कार्ड दाखवा.

पण चांदीपुरा विषाणूवर लस नाही. १९६५ साली आपल्याच नागपूरकडच्या चांदीपुरा गावात तो सापडला. २०२४ मध्ये जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात चांदीपुराचे ६४ रुग्ण पक्के झाले, त्यातले ६१ शेजारच्या गुजरातचे. बहुतेक पंधराच्या आतली पोरं. तो पसरवते वाळूमाशी. ही डासाहून बारीक, साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरते. भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात राहते. म्हणून कुडाच्या भेगा लिंपून घ्या.

एकदम जोराचा ताप, उलट्या, झटका, गुंगी. मान ताठ होणं, तान्ह्याची टाळू फुगणं, दूध न ओढणं. यातलं काही दिसलं की १०८ ला फोन. एका दिवसातही पोर हातचं जातं! झटका आला तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी, चमचा काही नको. चप्पल हुंगवण्यात तर वेळ घालवूच नका.

घरधनी बोईसरला रात्रपाळीला असेल, तरी त्याची वाट बघू नका. पैशांसाठी गटाच्या अध्यक्षांना रात्रीही उठवा. तातडीच्या कर्जाला मासिक सभा लागू नये, हा ठराव तुमच्या गटात झालाय का? नसेल तर याच महिन्यात घ्या.